विंडोजवरच्या बॅशमध्ये कंट्रोल-सी: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटूवर शिकायचं आणि हिंजवडीला किंवा खराडीला नोकरी लागली की हातात विंडोजचा लॅपटॉप यायचा, हे पुण्यातल्या कितीतरी मुलामुलींच्या वाट्याला येतं. लॅपटॉपवर गिट बॅश असतं, म्हणजे गिटबरोबर विंडोजवर येणारी लिनक्ससारख्या कमांडची खिडकी. उघडलं की तेच डॉलरचं चिन्ह, तेच एलएस, तेच ग्रेप. सगळं ओळखीचं वाटतं म्हणून माणूस निर्धास्त होतो. मग एके दिवशी कंट्रोल-सी दाबल्यावर सर्व्हर थांबतच नाही. किंवा थांबल्यासारखा दिसतो आणि पोर्ट मात्र अडवून बसतो.

अशा अडकलेल्या प्रोग्रॅमपाशी नव्या मुलांबरोबर बसताना मी एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो. कंट्रोल-सी हा थांबण्याचा निरोप आहे, प्रोग्रॅम जागेवर मारून टाकण्याचं बटण नव्हे. पीएमपीच्या बसमध्ये कंडक्टरनं बेल दिली म्हणून गाडी आहे तिथे थिजत नाही. ड्रायव्हर ती ऐकतो, गाडी कडेला घेतो आणि मग थांबवतो. विंडोजवर अडचण अशी की हा निरोप पोचवण्याच्या दोन वेगळ्या व्यवस्था शेजारी शेजारी नांदतात, आणि गिट बॅशला दोन्ही सांभाळाव्या लागतात. आपला प्रोग्रॅम कोणत्या व्यवस्थेतला आहे हे ओळखता आलं, की निम्म्याहून जास्त काम झालं.

वाचण्याआधी एक सूचना: कमांड इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरंच टाकायची.

आधी लिनक्सवरचा रिवाज

कंट्रोल दाबून सी दाबलं की टर्मिनलकडून ३ या क्रमांकाचा एक बाइट निघतो. सी हे तिसरं अक्षर म्हणून ३. त्याच हिशेबानं कंट्रोल-डीचा ४ आणि कंट्रोल-झेडचा २६. हा बाइट थेट प्रोग्रॅमपर्यंत जात नाही. वाटेत कर्नलमधला टर्मिनल ड्रायव्हर बसलेला असतो. तो ३ क्रमांक बघतो, स्वतःकडे ठेवून घेतो आणि त्याच्या जागी सिगइंट नावाचा, २ क्रमांकाचा सिग्नल पाठवतो. कोणाला? एकट्या प्रोग्रॅमला नाही, तर त्या क्षणी समोर चालू असलेल्या प्रोसेसच्या अख्ख्या गटाला. म्हणून पाइपनं जोडलेल्या तीन कमांड एका दणक्यात थांबतात.

सिग्नल मिळाल्यावर प्रोग्रॅमपुढे तीन पर्याय असतात: काहीच ठरवलेलं नसेल तर मरणं, आवराआवर करून मग बाहेर पडणं, किंवा सरळ दुर्लक्ष करणं. पायथनमध्ये दिसणारा कीबोर्ड-इंटरप्टचा एरर हा यातला दुसरा प्रकार आहे. पायथननं सिग्नल ऐकला आणि त्याचं रूपांतर तुमच्या कोडला पकडता येईल अशा एक्सेप्शनमध्ये केलं.

‘एसटीटीवाय -ए’ चालवून पाहा. त्यात ‘इंट्र’ या नावापुढे टोपी आणि सी दिसेल. कोणती की हा निरोप देणार हे टर्मिनलच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं, त्याची ही खूण. व्हिमसारखा प्रोग्रॅम हेच सेटिंग तात्पुरतं बदलून कळा स्वतःच्या ताब्यात घेऊ शकतो.

विंडोजचा रिवाज वेगळा

विंडोजमध्ये युनिक्ससारखे सिग्नल नाहीत. तिथे कन्सोल आहे, म्हणजे कमांड प्रॉम्प्टसारख्या खिडक्यांमागची विंडोजची स्वतःची व्यवस्था. कन्सोलमध्ये कंट्रोल-सी दाबलं की विंडोज त्या कन्सोलला जोडलेल्या सगळ्या प्रोसेसना ‘कंट्रोल-सी घडलं’ अशी घटना कळवतं. ही घटना हाताळण्यासाठी प्रत्येक प्रोसेसच्या आत एक नवा थ्रेड सुरू होतो. प्रोग्रॅमनं आपला हँडलर नोंदवलेला नसेल तर ठरलेला हँडलर त्याला बंद करतो. यातला कळीचा शब्द ‘कन्सोलला जोडलेल्या’ हा आहे. कन्सोलच नसेल तर घटना पोचणार कशी?

आता गिट बॅशकडे या. सिग्विन हा प्रकल्प १९९५ साली सिग्नस सोल्युशन्स या कंपनीत सुरू झाला. युनिक्ससाठी लिहिलेले प्रोग्रॅम विंडोजवर पुन्हा कंपाइल करून चालवता यावेत म्हणून त्यांनी एक डीएलएल, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना सामाईक वापरता येणारी कोडची फाइल, बनवली. सिग्नल, फोर्क, टर्मिनल ही सगळी युनिक्सची यंत्रणा ती डीएलएल विंडोजच्या वर उभी करते. एमएसवायएस२ सिग्विनमधून निघालं आणि गिट फॉर विंडोज एमएसवायएस२च्या पायावर उभं आहे. म्हणून गिट बॅशमधलं बॅश, एलएस, ग्रेप, स्लीप हे सगळे त्या डीएलएलची भाषा बोलतात. त्यांना सिगइंट कळतो.

पण नोड, जावा, विंडोजचं पायथन हे नेटिव्ह, म्हणजे थेट विंडोजसाठी बनवलेले प्रोग्रॅम आहेत. त्यांना ती डीएलएल माहीतच नाही. त्यांना फक्त कन्सोलची घटना कळते. आणि गिट बॅशची नेहमीची खिडकी म्हणजे मिनटीटीवाय. हे टर्मिनल कन्सोल वापरत नाही, आतून पाइप जोडून टर्मिनलचा आभास तयार करतं. नेटिव्ह प्रोग्रॅम तिथे सुरू झाला की त्याला समोर टर्मिनल नाही, नुसता पाइप दिसतो. सगळी भानगड इथून सुरू होते.

पायरी १: आपण कुठे आहोत ते बघा

‘युनेम’ चालवा: यू, एन, ए, एम, ई. उत्तराची सुरुवात मिंगडब्ल्यू६४ अशी असेल तर गिट बॅश. सिग्विन आलं तर सिग्विन. एमएसवायएस किंवा यूसीआरटी६४ आलं तर स्वतंत्रपणे टाकलेलं एमएसवायएस२. डार्विन म्हणजे मॅक, आणि मॅक मुळातच युनिक्स असल्यानं खालच्या बहुतेक अडचणी तिथे येतच नाहीत. लिनक्स आलं तर तुम्ही डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीत आहात.

डब्ल्यूएसएल २०१६ साली विंडोज १० मध्ये आलं आणि त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २०२० पासून, आत खरा लिनक्स कर्नल चालतो. तिथले लिनक्स प्रोग्रॅम कंट्रोल-सीला उबुंटूवर वागतात तसेच वागतात, कारण ते उबुंटूच आहे. माझं मत स्पष्ट आहे: लॅपटॉपवर परवानगी असेल तर रोजच्या कामाला डब्ल्यूएसएल २ घ्या. विद्यापीठाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलमध्ये फोर्क आणि झोंबी प्रोसेस करायच्या असतील तर घरच्या विंडोजवर तोच सरळ मार्ग आहे. पण अनेक ऑफिसांत व्हर्च्युअलायझेशन बंद ठेवलेलं असतं आणि मग गिट बॅशशिवाय इलाज नसतो. पुढचं मुख्यतः त्यांच्यासाठी.

पायरी २: प्रोग्रॅम कोणत्या जातकुळीचा, ते तपासा

‘विच’ कमांडपुढे प्रोग्रॅमचं नाव द्या. ‘विच ग्रेप’ केलं की पत्ता ‘/यूएसआर/बिन’ असा येतो. हा डीएलएलवाला, सिग्नल समजणारा. ‘विच नोड’ केलं की पत्ता ‘/सी/’ असा सुरू होतो, म्हणजे सी ड्राइव्हवर बसवलेला नेटिव्ह प्रोग्रॅम. आणि ‘विच गिट’ करून बघाच. पत्ता ‘/मिंगडब्ल्यू६४/बिन’ येतो, आणि त्या फोल्डरात नेटिव्ह प्रोग्रॅम असतात. म्हणजे गिट बॅशमधलं गिट हे स्वतः नेटिव्ह आहे! याचा संबंध पुढे येणार आहे.

पायरी ३: पिंगची परीक्षा

निरोप पोचतो की प्रोग्रॅमचा नुसता गळा दाबला जातो, हे डोळ्यांनी बघण्यासाठी विंडोजचं पिंग उत्तम. ‘पिंग -टी लोकलहोस्ट’ चालवा. ते थांबवेपर्यंत चालूच राहतं. तीन-चार ओळी आल्या की कंट्रोल-सी दाबा आणि शेवटी काय छापलं जातं ते नीट पाहा.

किती पॅकेट पाठवली, किती परत आली, किती हरवली ही आकडेवारी शेवटी आली, तर निरोप व्यवस्थित पोचला. पिंगनं तो ऐकला, हिशेब छापला आणि मग बाहेर पडलं. आकडेवारी न येता थेट डॉलरचं चिन्ह आलं, तर पिंगला बोलायची संधीच मिळाली नाही. हा फरक शोभेचा नाही. पिंगच्या जागी डेटाबेसमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम असेल तर त्याचं अर्धवट काम असंच लटकून राहील.

हीच परीक्षा साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, मिनटीटीवायच्या खिडकीत आणि व्हीएस कोडच्या टर्मिनलमध्ये अशी तिन्हीकडे घ्या. “व्हीएस कोडमध्ये चालतं पण गिट बॅशच्या खिडकीत नाही” ही तक्रार मी वरचेवर ऐकतो. बॅश दोन्हीकडे तेच असतं. खिडकी वेगळी असते, आणि व्हीएस कोड आपल्या टर्मिनलमागे कन्सोल उभा करतं.

कमांड प्रॉम्प्टमध्ये असताच तर कंट्रोल-ब्रेकही दाबून बघा. पिंग आकडेवारी छापतं आणि पुढे चालू राहतं. ब्रेक ही विंडोजवरची वेगळी घटना आहे. काही प्रोग्रॅम कंट्रोल-सी बंद ठेवून सुरू केलेले असतात, तिथे ब्रेक उपयोगी पडतो. लॅपटॉपवर ब्रेकची की बहुधा नसते. काही कंपन्यांच्या लॅपटॉपवर एफएनबरोबर बी दाबून ती मिळते.

पायरी ४: नेटिव्ह प्रोग्रॅमला कन्सोल मिळवून द्या

मिनटीटीवायमध्ये नुसतं ‘पायथन’ टाइप केलं आणि काहीच दिसलं नाही, तीन बाणांचा प्रॉम्प्टही नाही, असं झालं तर घाबरू नका. पायथनला समोर टर्मिनल दिसत नाही, म्हणून ते फाइल वाचल्यासारखं इनपुट संपायची वाट बघत बसलंय. उपाय तीन आहेत.

पहिला, कमांडच्या आधी ‘विनपीटीवाय’ लावायचं: ‘विनपीटीवाय पायथन’. हे मागे एक अदृश्य कन्सोल उघडतं, प्रोग्रॅम त्यात चालवतं आणि तुमच्या कळा तिकडे पोचवतं. आता कंट्रोल-सी दाबलं की पायथन कीबोर्ड-इंटरप्ट म्हणून पुन्हा प्रॉम्प्ट देतं, जसं द्यायला हवं तसं.

दुसरा उपाय स्यूडो कन्सोलचा. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीपासून, टर्मिनल प्रोग्रॅमना खराखुरा पण न दिसणारा कन्सोल विंडोजकडूनच मागता येतो. गिट फॉर विंडोज बसवताना याचा एक पर्याय विचारला जातो, प्रायोगिक असल्याच्या इशाऱ्यासह. तो निवडला की मिनटीटीवायमध्येही नेटिव्ह प्रोग्रॅमना कन्सोल मिळतो.

तिसरा, आणि मी नव्या माणसाला हाच सुचवतो: विंडोज टर्मिनल घ्या आणि त्यात गिट बॅशचं प्रोफाइल लावा. खिडकीमागे कन्सोल आधीपासूनच असतो, त्यामुळे विनपीटीवायची आठवण ठेवावी लागत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. विंडोज टर्मिनलमध्ये मजकूर निवडलेला असताना कंट्रोल-सी दाबलं तर तो कॉपी होतो आणि प्रोग्रॅम चालूच राहतो. म्हणजे पहिल्या दाबात काहीच झालं नाही असं वाटलं तर आधी माउसनं चुकून एखादं अक्षर निवडलं गेलं होतं का ते बघा. मिनटीटीवायमध्ये कंट्रोल-सी कॉपी करत नाही. तिथे कॉपीला कंट्रोल-इन्सर्ट आणि पेस्टला शिफ्ट-इन्सर्ट.

प्रत्येक वेळी कंट्रोल-सी हेच उत्तर नसतं

‘गिट लॉग’ केल्यावर खाली कोलन येऊन पडदा अडकतो, तेव्हा तुम्ही लेस नावाच्या प्रोग्रॅममध्ये असता. तिथून बाहेर यायला क्यू. पडदा एकदम गोठला आणि काहीच उमटत नाही, तर बहुधा चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलंय. कंट्रोल-क्यूनं तो सुटतो. इनपुट संपलं असं सांगायचं असेल तर युनिक्सकडे कंट्रोल-डी आणि विंडोजच्या प्रोग्रॅमला कंट्रोल-झेड व एंटर. नोडच्या प्रॉम्प्टमधून बाहेर पडायला कंट्रोल-सी दोनदा लागतं. डॉकर कंपोझमध्ये पहिल्या कंट्रोल-सीनं कंटेनर शांतपणे बंद होऊ लागतात आणि दुसऱ्यानं ते सक्तीनं मारले जातात. म्हणून पहिल्यानंतर थोडं थांबा. अधीर होऊन पाच वेळा दाबण्याची सवय लावून घेऊ नका.

पायरी ५: मागे उरलेली प्रोसेस शोधा

कोथरूडला आमच्या शेजारची मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टच्या सबमिशनच्या आदल्या रात्री ती लॅपटॉप घेऊनच आली.

“काका, ३००० पोर्ट वापरात आहे म्हणतंय. पण मी तर खिडकी पण बंद केली.”

खिडकी बंद केली हेच कारण होतं. मिनटीटीवायची खिडकी बंद केल्यावर बॅशला ‘टर्मिनल गेलं’ असा सिग्नल मिळतो आणि ते निघून जातं. नेटिव्ह नोडला तो सिग्नल कळत नाही, म्हणून तो पडद्यामागे बेवारस चालू राहू शकतो. तिचा तसाच राहिला होता. आम्ही ‘नेटस्टॅट -एएनओ’ चालवून पाइपनं ‘ग्रेप ३०००’ ला जोडलं. आलेल्या ओळीच्या टोकाला लिसनिंगपुढे एक आकडा होता. तो विंडोजचा प्रोसेस क्रमांक.

इथे दोन खाचखळगे आहेत. गिट बॅशमध्ये ‘पीएस’ केलं तर पीआयडी आणि विनपीआयडी असे दोन रकाने दिसतात. पहिला डीएलएलच्या जगातला क्रमांक, दुसरा विंडोजचा. बॅशची ‘किल’ कमांड पहिला मागते, ‘टास्ककिल’ दुसरा. नेटस्टॅटनं दिलेला आकडा विंडोजचा असल्यानं तो टास्ककिललाच द्यायचा.

दुसरा खाचखळगा तिरक्या रेघेचा. टास्ककिलचे पर्याय तिरक्या रेघेनं सुरू होतात, आणि तशी सुरुवात दिसली की गिट बॅशला तो फाइलचा पत्ता वाटतो व ते परस्पर बदलून टाकतं. म्हणून रेघ दुहेरी द्यायची: ‘टास्ककिल //पीआयडी’, पुढे तो क्रमांक, मग ‘//टी //एफ’. टी म्हणजे त्या प्रोसेसची पिलावळही घ्या, एफ म्हणजे सक्तीनं. कन्सोल प्रोग्रॅमला स्वतःची खिडकी नसल्यामुळे एफ नसताना टास्ककिल बहुधा नकारच देतं. पण एफ लावलं की प्रोग्रॅमला आवराआवरीची संधी अजिबात मिळत नाही, म्हणून तो शेवटचा उपाय. क्रमांक कोणाचा आहे हे ‘टास्कलिस्ट’मध्ये पाहून खात्री केल्याशिवाय तो कधीही वापरू नका.

सक्तीनं मारण्याचा परिणाम गिटमध्ये फार स्पष्ट दिसतो. गिट काम करताना ‘.गिट’ फोल्डरमध्ये ‘इंडेक्स.लॉक’ नावाची फाइल बनवतं. कंट्रोल-सी नीट पोचलं तर जाताना ते ही फाइल पुसून जातं. सक्तीनं मारलं तर फाइल तशीच राहते आणि पुढच्या प्रत्येक कमिटला ‘लॉक फाइल आहे’ म्हणून अडवणूक होते. टास्कलिस्टमध्ये दुसरं कुठलंही गिट चालू नाही हे बघा आणि मगच ती फाइल हातानं काढा. गिट हे स्वतः नेटिव्ह असल्यामुळेच गिट फॉर विंडोजच्या मंडळींनी या प्रश्नावर मेहनत घेतली आहे. त्यांच्या बॅशकडून नेटिव्ह प्रोसेसला सिगइंट द्यायची वेळ आली तर ते त्या प्रोसेसच्या आत एक थ्रेड घालून विंडोजचाच कंट्रोल-सीचा हँडलर चालवायचा प्रयत्न करतं. तरीही प्रत्येक वेळी हे साधेलच असं धरून चालू नका.

पायरी ६: स्वतःची स्क्रिप्ट नीट थांबेल अशी लिहा

स्क्रिप्ट तात्पुरत्या फाइली बनवत असेल तर सुरुवातीलाच ‘ट्रॅप’ लावा:

ट्रॅप 'आरएम -एफ कच्ची.टीएक्सटी; ट्रॅप - आयएनटी; किल -आयएनटी $$' आयएनटी

सिगइंट आला की फाइल पुसा, मग ट्रॅप काढा, आणि मग स्वतःलाच पुन्हा सिगइंट द्या, असा याचा अर्थ. शेवटचा भाग बरेच जण गाळतात आणि नुसतं ‘एक्झिट’ लिहितात. तसं केलं तर तुमची स्क्रिप्ट जिनं बोलावली त्या वरच्या स्क्रिप्टला वाटतं की काम सुरळीत संपलं, आणि ती पुढचं काम सुरू करते. बॅश आपल्या खालच्या कमांडची वाट बघतं आणि ती सिगइंटनंच मेली का, हे पाहून स्वतःचं ठरवतं. म्हणून मरणाचं कारण खरं कळवणं गरजेचं आहे. तपासायचं असेल तर लगेच ‘इको $?’ करा. १३० आलं पाहिजे: १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक २. नेटिव्ह प्रोग्रॅम कंट्रोल-सीनं मेला की विंडोजच्या लॉगमध्ये -१०७३७४१५१० हा विचित्र आकडा दिसतो. तो क्रॅश समजून शोधाशोध करू नका. कंट्रोल-सीनं बंद झालं, एवढंच तो सांगतो.

समोरची कमांड चालू असेपर्यंत बॅश ट्रॅप चालवत नाही, हेही माहीत हवं. एरवी हे जाणवत नाही, कारण कंट्रोल-सी अख्ख्या गटाला मिळतं आणि समोरची कमांडही मरते. पण समोर कंट्रोल-सी न ऐकणारा नेटिव्ह प्रोग्रॅम असेल, तर तुमचा ट्रॅप तो संपेपर्यंत ताटकळतो.

स्क्रिप्टमध्ये कमांडच्या शेवटी अँडचं चिन्ह लावून ती मागे सोडली असेल तर आणखी सावध राहा. स्क्रिप्टमध्ये अशा मागे सोडलेल्या कमांडना बॅश सिगइंटकडे दुर्लक्ष करायला लावतं. म्हणून स्क्रिप्ट थांबते पण मागचा सर्व्हर चालूच राहतो, अगदी लिनक्सवरसुद्धा. सर्व्हर मागे सोडल्यावर ‘$!’ मधला क्रमांक जपून ठेवा आणि ट्रॅपमध्ये त्याला साधा ‘किल’ द्या. तो सिगटर्म पाठवतो, त्याकडे दुर्लक्ष करायला कोणी सांगितलेलं नसतं.

दूरच्या मशीनवर

एसएसएचनं लॉगिन करून काम करताना कंट्रोल-सीचा बाइट तसाच पलीकडे जातो आणि त्याचा सिग्नल तिकडच्या मशीनवर बनतो. तिकडे लिनक्स असेल तर इथल्या विंडोजच्या भानगडी मध्ये येत नाहीत. मात्र लॉगिन न करता एसएसएचच्या ओळीतच कमांड दिली असेल तर पलीकडे टर्मिनल उघडलेलंच नसतं. कंट्रोल-सी दाबलं की इकडचं एसएसएच मरतं आणि तिकडचं काम चालू राहू शकतं. अशा वेळी ‘-टी’ हा पर्याय देऊन टर्मिनल मागून घ्या. नेट गेलं आणि एसएसएच पूर्ण गोठलं तर एंटर, मग नागमोडी टिल्ड, मग पूर्णविराम, या क्रमानं दाबल्यावर जोडणी तुटते.

पाषाणच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर काम करायला मिळालं तर तिथे स्लर्म कामांची रांग सांभाळतं. काम चालवणारी त्याची ‘एसरन’ ही कमांड चालू असताना एकदा कंट्रोल-सी दाबलं की ते कामाची स्थिती छापतं आणि एका सेकंदाच्या आत पुन्हा दाबलं तरच काम रद्द करतं. रांगेत तासन्‌तास थांबून मिळालेलं काम असेल तर पहिल्या दाबानंतर हात कीबोर्डवरून उचला आणि छापलेली स्थिती वाचा.